ओडावांच्या जाळ्यांनी मिशिगन सरोवर रिकामं केलं?

सध्या अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराकाठच्या ओडावा या मूळनिवासी जमातीबद्दल एक मजकूर खूप फिरतोय: 'ओडावांनी 1836 साली जमीन विकली आणि ते पश्चिमेला गेले. आजची त्यांची मासेमारी ही सरकारी सवलत आहे, आणि त्यांच्या जाळ्यांनीच सरोवरातले लेक ट्राउट मासे संपवले.'

'जमीन विकली.' मार्च 1836 च्या वॉशिंग्टन तहात त्यांनी मोठा प्रदेश सोडला, हे खरं. पण लिटल ट्रॅव्हर्स उपसागराकाठचे 50,000 एकर स्वतःसाठी राखले होते. सेनेटने मंजुरी देताना त्याला पाच वर्षांची मुदत घातली. वाटाघाटीत ठरलेल्या मूळ मसुद्यात ही अट नव्हती!

'पश्चिमेला गेले.' कॅन्ससला आणि पुढे ओक्लाहोमाला धाडले गेले ते ओहायोतले ओडावा. वागनाकिसिंगचे, म्हणजे लिटल ट्रॅव्हर्स उपसागराकाठचे ओडावा आजही हार्बर स्प्रिंग्ज, पेटोस्की, क्रॉस व्हिलेज परिसरात आहेत.

'सवलत.' मासेमारीचा हक्क सरकारने दिलेला नाही. तहात जमीन सोडताना त्यांनी तो राखून ठेवला. 1979 मध्ये फेडरल न्यायाधीश नोएल फॉक्स यांनी हेच मान्य केलं. 1994 च्या कायद्याने लिटल ट्रॅव्हर्सच्या ओडावांची सरकारी मान्यता पुन्हा प्रस्थापित केली. 1855 च्या तहातून रिझर्वेशन (जमातीसाठी राखीव प्रदेश) निर्माण झालं, हा जमातीचा दावा मात्र 2021 मध्ये अपील न्यायालयात फेटाळला गेला. तो वाद सीमेचा होता, मासेमारीचा नव्हे. दोन्हींची गल्लत नको.

आता ट्राउट. इथे तर काळाचाच क्रम उलटा लावलाय. समुद्री लॅम्प्रे हा रक्तशोषक मासा नायगारा धबधब्याला वळसा घालणाऱ्या वेलंड कालव्यातून वरच्या सरोवरांत शिरला आणि 1936 मध्ये मिशिगन सरोवरात सापडला. एक लॅम्प्रे आयुष्यात सुमारे 18 किलोपर्यंत मासे मारू शकतो. त्यात बेसुमार व्यापारी मासेमारीची भर पडली. 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ट्राउट जवळजवळ नाहीसे झाले, म्हणजे फॉक्स यांच्या निकालाच्या वीसेक वर्षं आधी. लॅम्प्रेच्या अळ्या काही वर्षं ओढ्यांच्या गाळात वाढतात. म्हणून टीएफएम हे अळ्या मारणारं औषध सरोवरात न टाकता ओढ्यांत सोडतात. औषधाची एक फेरी चुकली की वाचलेल्या अळ्या मोठ्या होऊन सरोवरात उतरतात.

जाळ्यांबद्दलही नीट बोलायला हवं. गिल नेटमध्ये मासा कल्ल्यांशी अडकतो आणि बहुधा मरतो. ट्रॅप नेटमध्ये तो जिवंत राहतो, त्यामुळे ट्राउट पाण्यात परत सोडून व्हाइटफिश हा दुसरा मासा ठेवता येतो. जमाती आणि मिशिगन राज्य यांच्यातल्या 2000 च्या समझोत्यात बरीच गिल नेट हटवून ट्रॅप नेट आणली गेली, ती ट्राउटसाठीच. व्हाइटफिशच्या आजच्या घसरणीत बाहेरून आलेल्या क्वागा शिंपल्यांचा हात मोठा आहे: ते पाणी गाळून प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) खातात, आणि व्हाइटफिशच्या पिल्लांना तेच अन्न लागतं.