मालकाचं उत्तर: रुंद बोर्ड कुणासाठीही राखून ठेवले नव्हते

नमस्कार साहेब,

भाड्याने स्कीबोर्ड (एकेका पायाला एक बांधायची आखूड स्की) देणाऱ्या माझ्या दुकानाबद्दलचा तुमचा एक स्टारचा अभिप्राय काल रात्री वाचला. आधी माफी मागतो. तुमचा दुसरा दिवस वाया गेला, कपडे भिजले आणि संध्याकाळी तुम्ही दुकानात आलात तेव्हा मी काउंटरवर नव्हतो. त्या वेळी तुमच्याशी जसं बोलायला हवं होतं तसं कुणी बोललं नाही. चूक दुकानाची, म्हणजे माझीच.

तुम्ही लिहिलंय की "गुलमर्गमध्ये मराठी माणसाचं दुकान म्हणून विश्वासाने गेलो, तर ९० सेंटिमीटरचं खेळणं हातात दिलं. पावडरमध्ये (ताज्या, भुसभुशीत बर्फात) कमरेपर्यंत बुडालो. रुंद बोर्ड भिंतीवर टांगलेले होते, पण ते परदेशी गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवतात." तीन दिवसांचे ४,५०० रुपये पाण्यात गेले, असंही लिहिलंय. पैशांबद्दल, बुडण्याबद्दल तुम्ही रागावलात ते मी समजू शकतो. पण "परदेशी गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवतात" हे वाक्य वाचून मला झोप लागली नाही. म्हणून सकाळी रजिस्टर काढून बसलो आणि जे घडलं ते लिहितोय.

भिंतीवर जो रुंद जोड तुम्ही पाहिलात, तो तुटलेला आहे. जानेवारीत बर्फ पातळ असताना एकाने तो दगडावर घातला. डाव्या बोर्डाचा तळ फाटून आतलं लाकूड दिसतंय आणि कडेची पोलादी पट्टी हातभर सुटून बाहेर आली आहे. पाठ भिंतीकडे असल्यामुळे समोरून काही कळत नाही. आमच्या दुकानातल्या मुलाने तुम्हाला "ये आपके लिए नहीं है" असं सांगितलं, ते बोर्ड कुणालाच देण्यासारखे नाहीत म्हणून. त्याचं हिंदी मोजकंच आहे, बोलणं तुटक आहे. पण तो उद्धट नाही साहेब. पहिल्या दिवशी तुमच्या मुलीचे बूट दोनदा बदलून, बकल स्वतः लावून देणारा हाच मुलगा.

दुकानात रुंद बोर्ड एकूण तीन जोड. एक हा तुटलेला. उरलेले दोन तुमच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ ते नऊच्या दरम्यान गेले: एक ठाण्याच्या एका ताईंकडे, दुसरा बेंगळुरूच्या एका मुलाकडे. परदेशातून येणारे बहुतेक लोक आपल्या स्की आणि आपले बूट सोबतच आणतात, माझ्याकडे फार तर वॅक्स करायला, म्हणजे तळाला मेण लावून घ्यायला येतात. त्यांच्यासाठी राखून ठेवायचं म्हटलं तरी ठेवण्यासारखं माझ्याकडे काय आहे?

आता ९० सेंटिमीटरचे बोर्ड का दिले ते सांगतो, कारण ते मी डोळे झाकून दिलेले नव्हते.

तुम्ही आलात तेव्हा पाच दिवस बर्फ पडलेला नव्हता. दिवसा ऊन, रात्री गोठण, त्यामुळे सकाळी दहापर्यंत उतार काचेसारखा टणक असायचा. मी तुम्हाला दोनच प्रश्न विचारले होते: कुठे फिरणार आणि आधी काय केलंय. तुम्ही म्हणालात, मुलीसोबत खालच्या उतारांवर, फार तर गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, पहिल्या टप्प्याने (फेज वनने) कोंगडोरी स्टेशनपर्यंत. आणि आधी मनालीजवळच्या सोलंगला दोन दिवस स्की केलंय. अशा बर्फावर, अशा फिरण्यासाठी मी आजही तोच बोर्ड देईन. मधल्या अरुंद भागात ९ सेंटिमीटर रुंद, मधून थोडा उचललेला, म्हणजे अंगाचा भार पडला की पूर्ण कड बर्फाला लागते. अरुंद बोर्ड एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पटकन येतो. रुंद बोर्ड टणक बर्फावर दिला असता तर वळताना घोट्याला जास्त जोर लागला असता, आणि त्याची टोकं वर वळलेली असल्यामुळे कडेचा पुढचा-मागचा भाग बर्फाला टेकलाच नसता. मग तुम्ही "घसरलो" असं लिहिलं असतं.

पावडरमध्ये सगळं उलटं होतं. तिथे कड कामाला येत नाही, तळाचं क्षेत्रफळ येतं. टोकांची गोलाई सोडून ढोबळ हिशेब करा. ९० बाय ९ म्हणजे ८१० चौरस सेंटिमीटर, दोन्ही पायांचे मिळून १,६२०. आमचा रुंद बोर्ड ११० बाय १३, म्हणजे १,४३०, दोन्ही पायांचे २,८६०. माणूस तोच, वजन तेच, पण जागा जवळजवळ पावणेदोन पट. शिवाय आखूड बोर्डावर पुढे झुकलं की टोक बर्फात घुसतं आणि मागे रेललं की माणूस पाठीवर पडतो. लांब स्कीवर चूक सावरायला जागा असते, इथे नसते. म्हणून तुम्ही बुडालात यात मला नवल वाटत नाही. पण ज्या बर्फासाठी तो बोर्ड दिलाच नव्हता, त्या बर्फावर तुम्ही तो नेलात.

त्या रात्री जोरदार बर्फ पडला. सकाळी ६ वाजून ५० मिनिटांनी मी दुकानाच्या नंबरवरून सगळ्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअॅप केला: "रात्रीत चांगला बर्फ आलाय. आज रुंद बोर्ड लागतील. साडेआठला दुकान उघडतो, बदलून घ्या, बदलायचे पैसे नाहीत." तुमच्याकडे तो ९ वाजून ४० मिनिटांनी वाचला गेला असं दिसतंय. इथलं नेटवर्क मला माहीत आहे, मेसेज वेळेत पोचला नसेल, आणि तोवर तुम्ही गोंडोलाच्या रांगेतही असाल. ते मान्य. पण बदल फुकट असतो हे पावतीवर लिहिलेलं आहे, आणि आदल्या दिवशी मी तोंडीही सांगितलं होतं. वहिनी शेजारीच उभ्या होत्या.

आणखी एक गोष्ट, जी खरं तर मला बोर्डापेक्षा जास्त लागली. तुम्ही त्या दिवशी गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने, फेज टूने, वर गेलात. त्याचं वरचं स्टेशन सुमारे ३,९५० मीटरवर आहे, आणि वरचे उतार मशीन फिरवून दाबलेले नसतात. मोठ्या बर्फानंतर स्की पेट्रोलची, म्हणजे उतारांवर गस्त घालणारी माणसं आधी उतार तपासतात, मगच फेज टू उघडतो, आणि उघडला तरी ठरलेल्या हद्दीबाहेर जबाबदारी आपली. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच अफरवत डोंगरावर हिमस्खलनात एका परदेशी स्कीअरचा जीव गेला. तुम्ही गाइड न घेता, दोन दिवसांच्या अनुभवावर वर गेलात आणि फक्त भिजून परत आलात, याचं मला बरं वाटलं. हे टोमणा म्हणून लिहीत नाही.

वजनाचंही सांगतो, कारण "बोर्ड पायातून सारखा सुटत होता" असंही तुम्ही लिहिलंय. मी स्वस्तातली न सुटणारी बाइंडिंग (बूट बोर्डाला धरून ठेवणारी पकड) ठेवत नाही. आखूड बोर्डावर पाय अडकून राहिला तर पिळवटून नळीचं हाड मोडतं. अशा बाइंडिंगवर हे मोडण्याचं प्रमाण जास्त असल्याचं डॉक्टरांनी अभ्यासातून दाखवलेलं आहे. म्हणून सुटणारी बाइंडिंग लावतो. ती जड असते, महाग असते, रोजच्या १,५०० रुपयांत तिचाही वाटा आहे. ती किती जोराला सुटावी ते माणसाचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तो किती जोरात चालवतो यावरून ठरवतो. फॉर्मवर तुम्ही लिहिलेलं वजन आणि वहिनींनी हसत सांगितलेलं वजन यांत बराच फरक होता. आकडा इथे लिहीत नाही. मी दोन्हींच्या मधला धरला, तो धरायला नको होता. वजनकाटा काउंटरखाली असताना तुम्हाला त्यावर उभं करायला मी संकोचलो. हे माझं चुकलं.

"खेळणं" या शब्दाबद्दलही बोलायलाच हवं. नव्वदच्या दशकात ऑस्ट्रियाच्या क्नाइस्ल कंपनीने पावलाच्या आकाराची, पुढे बोटं काढलेली 'बिग फूट' ही आखूड स्की आणली, मग सॅलोमनची 'स्नोब्लेड' आली. १९९८ ते २००० या काळात अमेरिकेतल्या विंटर एक्स गेम्स या हिवाळी साहसी खेळांच्या मेळ्यात स्कीबोर्डिंगची स्पर्धा होत होती. उड्या आणि गिरक्या घेणाऱ्याला ८०-९० सेंटिमीटरचा, दोन्ही टोकं वळलेला बोर्ड लागतो. लांब गोल वळणं घ्यायची तर ९९ च्या आसपासचा. मार्चमध्ये दुपारी बर्फ चिखलासारखा झाला की पुन्हा रुंद, आणि वॅक्सही वेगळं, नाहीतर ओला बर्फ तळाला खेचून धरतो. मी वाईचा. इथल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटनिअरिंगचा कोर्स करायला आलो आणि या डोंगराचा झालो. रोज संध्याकाळी प्रत्येक बोर्डाच्या कडेवरून नख फिरवून बघतो. माझ्या हातून खेळणं जात नाही.

तुम्हाला हे सगळं जास्त वाटेल. पण आमचा हंगाम जेमतेम दहा आठवड्यांचा. २०२४ चा जवळजवळ अख्खा जानेवारी इथे बर्फाविना गेला, त्या वर्षीच्या गाळ्याच्या भाड्याचं कर्ज अजून फिटलेलं नाही. पुणे, नाशिक, कोल्हापूरचे ग्रुप निघण्याआधी हेच अभिप्राय वाचतात. बोर्ड आवडला नाही असं वाचलं तर ते निदान फोन करून विचारतात. मराठी माणूस आपल्या लोकांना डावलतो असं वाचलं तर फोनही करणार नाहीत.

तुटका जोड आजच भिंतीवरून उतरवला. रोजचा बर्फ कसा आहे आणि त्याला कुठला बोर्ड, हे दारात फळ्यावर मराठीत आणि हिंदीत लिहायला सुरुवात करतोय. रुंद बोर्ड पुढच्या हंगामात वाढवायचा विचार आहे, बघू कसं जमतं. दुसऱ्या दिवसाचे १,५०० रुपये तुम्ही ज्या नंबरवरून भरले होते त्याच नंबरवर परत पाठवले आहेत. त्यासाठी अभिप्राय बदलावा अशी अट नाही. फक्त ते परदेशी गिऱ्हाइकांचं वाक्य तेवढं पुन्हा एकदा वाचून बघा, एवढी विनंती.

तुमच्या मुलीने ८० च्या बोर्डावर पहिल्याच दिवशी दोन्ही बाजूंना वळणं घेतली. त्या टणक बर्फावर मोठ्यांनाही इतक्या लवकर जमत नाही, तिला माझ्याकडून शाबासकी सांगा. तिचा डाव्या हाताचा निळा हातमोजा दुकानात राहिलाय. धुऊन ठेवला आहे. दुकानाच्या नंबरवर पत्ता कळवलात तर कुरिअरने पाठवतो.