शास्त्री म्हणजे सगळे ढोंगीच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की प्राचीन यहुदी शास्त्री (म्हणजे धर्मग्रंथ आणि दस्तऐवज लिहिणारे लेखनिक) म्हणजे देवळाच्या जिवावर जगणारे नक्कलकार, सामान्य माणसाला त्यांचा फक्त जाच, आणि विधवांची घरं गिळणारे म्हणून बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानात त्यांचा निकाल लागलेलाच आहे, मग मी त्यांचं कौतुक कशाला करतोय.

मार्कच्या 12व्या अध्यायात ते आहे, मान्यच. पण त्याच अध्यायात थोडं आधी एक शास्त्री येशूला सगळ्यात मोठी आज्ञा कोणती ते विचारतो आणि येशू त्याला म्हणतो की तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस, ते तुम्ही सोडून दिलंत. टीका आहे ती लांब झगे घालून बाजारात नमस्कार घेत फिरणाऱ्यांवर.

आणि विधवेचंच म्हणाल तर बाबाथाचं बघा ना. मृत समुद्राच्या दक्षिणेकडची, खजुराच्या बागा असलेली यहुदी बाई, दोन नवरे वारलेले, स्वतःला लिहितावाचता येत नव्हतं. तिची 35 कागदपत्रं 1961 साली मृत समुद्राजवळच्या नहाल हेवेरच्या गुहेत सापडली. पहिल्या नवऱ्यापासून झालेल्या तिच्या पोराचे पालक म्हणून नेमलेले लोक त्याच्या खर्चाला महिन्याला फक्त दोन दिनार देतात, त्यात भागत नाही म्हणून ती थेट रोमन गव्हर्नरकडे दाद मागते, आणि हे सगळं ग्रीकमध्ये, कायद्याच्या भाषेत, तारखेसकट लिहून देणारा लेखनिक शिमोनाचा मुलगा थीनास. दस्तऐवजात मजकूर दोनदा लिहायचे, वरचा गुंडाळून दोऱ्याने बांधून टाकायचा, खालचा वाचायला उघडा, म्हणजे कोणी खाडाखोड केली तर बांधलेला उघडून ताडता येतो. रोमनांविरुद्धच्या 132 च्या बंडात बाई जीव वाचवायला गुहेत गेली तेव्हाही ही भेंडोळी तिने सोडली नाहीत, यावरूनच तिला त्यांची किती किंमत होती ते कळतं.

बरं, देवळाचे लोक म्हणाल तर यरुशलेमचं मंदिर 70 साली पडलं, बाबाथाची केस त्यानंतर पन्नासेक वर्षांनी. देऊळ गेलं तरी लग्न, कर्ज, काडीमोड थांबतात थोडेच, लिहून देणारा लागणारच.

साधारण 200 च्या सुमाराला संकलित झालेल्या मिश्नात, म्हणजे यहुदी कायद्यांच्या संग्रहात, तर या लोकांना बांधून घालणारे नियमच आहेत. कर्जदार एकटा आला तरी त्याला रोखा लिहून द्यायचा, पण सावकार एकटा आला तर नाही, कर्जदार समोर हवा, म्हणजे कोणाच्या पाठीमागे त्याच्या नावावर कर्ज चढवता येणार नाही. (लेखनावळ मात्र कर्जदारानेच द्यायची, हे मला खटकतं.) सोडचिठ्ठीचा मजकूर आधी लिहून ठेवला तरी नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव आणि तारीख यांची जागा कोरी सोडायची, कारण चिठ्ठी त्याच बाईसाठी लिहिलेली पाहिजे, दुसऱ्याच्या नावाने लिहिलेली, नाव योगायोगाने जुळलं म्हणून वापरली तर चालत नाही. त्या बाईला पुढे दुसरं लग्न करायचं असेल तर सगळं या एका कागदावर अवलंबून, त्यामुळे एवढी काळजी.

आणि नक्कलकार हा शब्दही तुम्ही फार हलका वापरलात. बायबलमध्ये यहोयाकीम राजाने यिर्मया संदेष्ट्याची गुंडाळी चाकूने कापून शेगडीत जाळली तेव्हा त्याचा लेखनिक बारूखने ती पुन्हा अख्खी लिहून काढली, राजा जिवावर उठलेला असताना.

त्यांच्यात लबाड होते, पैसेवाल्यांच्या बाजूने झुकणारेही असणारच, ते मी कधीच नाकारलं नाही. पण मार्क तुमचा वाचून झालाय तर आता मिश्नातल्या बाबा बथ्रा या भागाचा 10वा अध्याय पण वाचा आणि तरीही मत तेच राहिलं तर जरूर लिहा, मला त्यावर बोलायला आवडेल.