प्रेमपत्रातला हिशेब: जुन्या अमेरिकी घराण्यांबद्दलच्या एका समजाला उत्तर

अमेरिकेचे पहिले तीन अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन, जॉन ॲडम्स (आणि त्याची बायको ॲबिगेल) व थॉमस जेफरसन अशा जुन्या अमेरिकी घराण्यांच्या पत्रव्यवहारावर एक मजकूर वरचेवर फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: 'त्या काळी घरची पत्रं वेगळी आणि धंद्याची वेगळी असत. नवराबायकोच्या पत्रात पैशाचा विषय निघत नसे. बायका व्यवहारात पडत नसत. पत्र म्हणजे दोन माणसांमधली खाजगी, एका बैठकीत मनापासून लिहिलेली गोष्ट. तो काळच सुसंस्कृत होता.' खाली ॲबिगेलच्या पत्रातलं एखादं वाक्य आणि शेवटी 'आपण काय गमावलं!' असा उसासा.

यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चूक आहे. ही पत्रं जपलेली आहेत, छापलेली आहेत आणि बरीचशी इंटरनेटवर फुकट वाचता येतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी 'प्रेमाच्या पत्रात व्यवहार नसे' हे विधान. मार्था वॉशिंग्टनने नवऱ्याशी झालेला जवळजवळ सगळा पत्रव्यवहार नष्ट केला. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पत्रं उरली. त्यातलं सर्वात मोलाचं पत्र 18 जून 1775 चं, फिलाडेल्फियाहून लिहिलेलं. ब्रिटिशांविरुद्ध उभ्या राहिलेल्या अमेरिकी सैन्याचं सरसेनापतीपद आपल्यावर आल्याचं वॉशिंग्टन तिला कळवतो. बाहेर सात गुणिले सात वर्षं राहूनही मिळणार नाही इतकं सुख घरी तुझ्याजवळ एका महिन्यात मिळालं असतं, असं तो लिहितो. त्यानंतर त्याच पत्रात तो सांगतो की कर्नल पेंडलटनकडून मृत्युपत्र तयार करून घेतलंय आणि ते सोबत पाठवतोय. आणि ताजा कलम? इथली सर्वात सुंदर म्हणून सांगितलेली मलमल दोन पोशाखांपुरती घेतली आहे, पोशाखाला 50 शिलिंग पडले, तुला आवडावी. युद्ध, विरह, मृत्युपत्र आणि कापडाचा भाव, सगळं एका कागदावर. मला तर ती मलमलच त्या पत्रातली सर्वात प्रेमळ ओळ वाटते. ती काढून टाकली की पत्र अधिक शुद्ध होत नाही, त्यातला माणूस तेवढा कमी होतो.

ॲबिगेलने वसाहतींच्या काँग्रेसमध्ये बसलेल्या नवऱ्याला, जॉनला, 31 मार्च 1776 रोजी लिहिलेलं पत्र तर जगभर गाजलं. नवे कायदे कराल तेव्हा बायकांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका, ही मागणी त्यातलीच. फिरणाऱ्या मजकुरात तेवढंच असतं. पूर्ण पत्र वाचलं तर त्यात बॉस्टनच्या घराची पाहणी आहे: ब्रिटिश फौज नुकतीच शहर सोडून गेली होती, घरात पलटणीचा एक डॉक्टर राहून गेला होता, घाण पुष्कळ केली पण इतर नुकसान नाही. सोरा बनवायला घेतलास का, असं जॉनने विचारलं होतं. त्यावर ती कळवते की अजून नाही, साबण करून झाला की प्रयत्न करेन. बंदुकीच्या दारूसाठी सोरा लागत होता, म्हणून ही चौकशी. कायद्यात नवऱ्याला किती अधिकार असावा हे विचारणारी बाई तेव्हा घर, शेत आणि कर्ज एकटीने सांभाळत होती. तिची मागणी त्या अनुभवातून आली होती. जॉनने 14 एप्रिलच्या उत्तरात ती हसण्यावारी नेली.

आता उलट बाजू: 'धंद्याची पत्रं कोरडी, त्यात घर नसे.' व्हर्जिनियातला जमीनदार तंबाखूची पिंपं जहाजावर चढवून लंडनच्या व्यापाऱ्याकडे पाठवी. तो व्यापारी म्हणजे अडत्याच. माल विकायचा, दलाली कापायची, उरलेल्या पैशातून जमीनदाराने यादीत लिहिलेलं सामान घेऊन परतीच्या जहाजाने पाठवायचं, आणि पैसे कमी पडले तर उधारीवर. ही यादी नुसती नांगराच्या फाळांची आणि खिळ्यांची नसे. त्यात बायकोचे बूट, मुलांची खेळणी, औषधं असं अख्खं घर असे. त्या अडत्याला कुणाच्या घरी कोण जन्मलं आणि कोण गेलं हे सगळं ठाऊक असे.

वॉशिंग्टनने 1 मे 1759 रोजी लंडनच्या रॉबर्ट केरी आणि कंपनीला लिहिलेलं पत्र बघा. पत्रासोबत लग्न लावणाऱ्या पाद्र्याचा दाखला जोडला आहे. मजकूर असा, की माझं मार्था कस्टिसशी लग्न झालं आहे, तेव्हा तिच्या दिवंगत नवऱ्याच्या मालमत्तेविषयीची पत्रं यापुढे माझ्या नावे पाठवावीत. लग्नामुळे एक तृतीयांश वाटा माझा आहे आणि उरलेल्या दोन भागांची देखरेख न्यायालयाने माझ्याकडे दिली आहे. लग्नाची बातमी आणि खातेबदलाचा अर्ज एकच. 1764 पर्यंत या कंपनीची वॉशिंग्टनकडे सुमारे 1,800 पौंड बाकी झाली. पुढे त्याने तंबाखू सोडून गव्हावर भर दिला, त्यामागे या उधारीचा हात मोठा होता.

आणि त्या खात्यावर वॉशिंग्टनच्या आधी पत्रं कोण लिहीत होतं? स्वतः मार्था. इथे तिसरा मुद्दा येतो, 'बायका व्यवहारात पडत नसत', आणि मला सर्वात जास्त चीड याच विधानाची येते. मार्थाचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस जुलै 1757 मध्ये मृत्युपत्र न करता गेला. ती 26 वर्षांची, पदरात दोन मुलं. ऑगस्टमध्ये तिने केरी कंपनीला लिहिलं: नवरा गेला, कारभार आता मी पाहते, तंबाखू दरवर्षी तुमच्याकडे पाठवेन, होईल तितका चांगला पाठवेन, तुम्हीही मला भाव चांगला मिळवून द्या. सामानाच्या मागणीत नवऱ्याच्या थडग्यासाठी उत्तम टिकाऊ संगमरवराची शिळाही होती, किंमत अंदाजे 100 पौंड. दुःख आणि ऑर्डर एकाच टपालाने गेली, कारण दोन्ही तिलाच निभवायचं होतं.

साउथ कॅरोलायनाच्या एलायझा लुकसचं उदाहरण त्याहून जुनं. वडील 1739 मध्ये नोकरीवर अँटिग्वाला परतले आणि चार्ल्सटनजवळच्या वापू मळ्यासह तीन मळ्यांचा कारभार या मुलीवर आला. मे 1740 मध्ये, सतरा वर्षांची असताना, ती लंडनच्या मिसेस बॉडिकॉटना लिहिते की तीन मळ्यांचं काम माझ्याकडे आहे, त्यासाठी तुम्हाला कल्पना येणार नाही इतकं लिहावं लागतं आणि राबावं लागतं. आपल्या पत्रांची नक्कल ती एका वहीत उतरवून ठेवी. त्या वहीत एकीकडे नोंद आहे की वडिलांना मळ्यांबद्दल लांबलचक पत्र लिहिलं. नीळ, आलं, कापूस लावून पाहतेय, नीळ जमेल असं वाटतं. दुसरीकडे वडिलांनी सुचवलेल्या एका वयस्क स्थळाला नकार आहे: पेरू आणि चिलीची सगळी संपत्ती एकत्र केली तरी या माणसाला नवरा करण्याइतका आदर मला विकत घेता येणार नाही. नकारसुद्धा जमाखर्चाच्या भाषेत! लग्नाचा निर्णय आणि निळीचा प्रयोग ती एकाच वहीत, एकाच ठामपणे लिहिते. गरीब शेजाऱ्यांना मृत्युपत्रंही तिने करून दिली. पुढे तिथे नीळ हे निर्यातीचं मोठं पीक झालं.

ॲबिगेलकडे परत येऊ. जॉन युरोपात असताना ती त्याच्याकडून रुमाल, फिती असा माल मागवी आणि नातेवाइकांमार्फत मॅसॅच्युसेट्समध्ये विकी. त्या नफ्यातून, मावशीचा नवरा कॉटन टफ्ट्स याच्या मदतीने, तिने सरकारी कर्जरोखे घेतले. जॉनचा जीव जमिनीत, हिचा विश्वास रोख्यांवर. ती घेत होती तेव्हा रोख्यांचे भाव पडले होते. 1790 मध्ये संघराज्याने जुनी कर्जं स्वतःवर घेतली तेव्हा तिची बाजू बरोबर ठरली. जमीनही तिने घेतली, व्हर्मॉंटमध्ये, आणि त्यावर 1782 मध्ये जॉनने कळवलं की आता व्हर्मॉंटच्या भानगडीत पडू नकोस. हा वाद प्रेमपत्रांतच झाला, दुसरीकडे नाही. विवाहित बाईला स्वतःची मालमत्ता नसते असं तेव्हाचा कायदा म्हणे. तरी ॲबिगेलने 1816 मध्ये स्वतःचं मृत्युपत्र लिहिलं आणि त्यात बहुतेक सगळं बायकांना दिलं: नाती, पुतण्या-भाच्या, नोकरीतल्या बायका. 1818 मध्ये ती वारली आणि जॉनने ते पाळलं. अशा बाईला 'व्यवहारापासून लांब' म्हणणं म्हणजे तिची आयुष्यभराची मेहनत पुसणं आहे.

'खाजगी आणि एका बैठकीत लिहिलेली' याचा निकाल लवकर लागतो. महत्त्वाच्या पत्राचा कच्चा मसुदा, मग स्वच्छ प्रत, मग वहीत नक्कल ही रीतच होती. जहाज बुडालं तर पत्र हरवू नये म्हणून तेच पत्र दुसऱ्या जहाजानेही पाठवत. जेफरसनने 1783 पासून आलेल्या-गेलेल्या पत्रांची नोंदवही ठेवली आणि 1804 पासून दोन लेखण्या जोडलेलं यंत्र वापरलं. एक लेखणी चालली की दुसरी आपोआप नक्कल करी. गुप्ततेचं म्हणाल तर जुलै 1775 मध्ये जॉन ॲडम्सची पत्रं वाटेत ब्रिटिशांच्या हाती लागली. एकात सहकारी जॉन डिकिन्सनवर जहरी शेरा होता, दुसरं ॲबिगेलला लिहिलेलं होतं. ऑगस्टमध्ये दोन्ही बॉस्टनच्या वर्तमानपत्रात छापून आली. पत्र दुसऱ्याच्या हाती पडू शकतं हे धरूनच ही माणसं लिहीत.

राहिला 'सुसंस्कृत काळ'. 2 जुलै 1766 रोजी माउंट व्हर्नन या आपल्या मळ्यावरून वॉशिंग्टनने वेस्ट इंडीजकडे निघालेल्या कॅप्टन थॉम्पसनला पत्र दिलं. पत्रासोबत टॉम नावाचा गुलाम माणूस येतोय, तो पळून जाणारा आहे, पण निरोगी आणि कुदळकामात चांगला आहे. मिळेल त्या किमतीला विका आणि त्या बदल्यात आणा: एक पिंप काकवी, एक पिंप रम, एक पिंप लिंबं, सुमारे दहा पौंड चिंचेचं भांडं, मिठायांची दोन लहान भांडी, उरलेल्या पैशांची जुनी दारू. समुद्रात जाईपर्यंत टॉमच्या हातात बेड्या ठेवा, अशीही सूचना आहे. अक्षर सुरेख, भाषा आर्जवी, व्यवहार माणूस विकण्याचा. हे पत्रही त्याच माणसाचं, ज्याने नऊ वर्षांनी मलमलीबद्दल लिहिलं.

वॉशिंग्टन, जेफरसन, लुकस अशा मळेवाल्या घराण्यांकडे पत्रं लिहायला जो वेळ होता, तो गुलामांच्या श्रमातून आला होता. साउथ कॅरोलायनात तर लोकसंख्येत बहुसंख्या गुलामांचीच होती. एलायझाने तीन मळ्यांबद्दल लिहिलं त्याच 1740 साली तिथे कायदा झाला: गुलामाला लिहायला शिकवणाऱ्याला 100 पौंड दंड.