खुलासा : ‘द कॅनेडियन’ आता बॅन्फला जात नाही

व्हॉट्सॲपवर कॅनडातल्या ‘द कॅनेडियन’ या प्रवासी रेल्वेगाडीचा एक फोटो फिरतोय. चकचकीत स्टीलचे डबे, मागे बर्फाळ डोंगर, खाली मजकूर : ‘एकाच गाडीत बसा, अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंत, कॅलगरी-बॅन्फमार्गे!’ मजकूर निम्मा जुना आणि निम्मा चुकीचा आहे.

२४ एप्रिल १९५५ ला कॅनेडियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने ही गाडी सुरू केली, तेव्हा ती खरोखरच रेजायना, कॅलगरी, बॅन्फ करत व्हँकुव्हरला जायची. रॉकी पर्वतातली किकिंग हॉर्स खिंड उतरताना गाडी डोंगराच्या पोटात शिरायची, आतल्या आत वळसा घ्यायची आणि खालच्या अंगाला बाहेर पडायची. ज्यांनी डब्याच्या छतावरच्या काचेच्या घुमटात बसून हे पाहिलं, त्यांच्या आठवणी खोट्या नाहीत.

पण जानेवारी १९९० मध्ये सरकारने प्रवासी रेल्वेच्या खर्चात कपात केली आणि व्हिया रेल या सरकारी प्रवासी रेल्वे कंपनीने गाडी उत्तरेकडच्या मार्गावर नेली. आता ती सॅस्काटून, एडमंटन, जॅस्परवरून जाते. नाव तेच, डबेही तेच, घोळ होणारच. गंमत म्हणजे शेवटच्या घुमटवाल्या डब्यांना उद्यानांची नावं आहेत. त्यातल्या एकाचं नाव चक्क ‘बॅन्फ पार्क’!

आणि अटलांटिक? गाडी सुटते टोरांटोहून, म्हणजे तळ्याकाठच्या शहरातून. अटलांटिककाठच्या हॅलिफॅक्सहून निघायचं तर ‘द ओशन’ या गाडीने माँट्रियल, तिथून दुसऱ्या गाडीने टोरांटो, मग ही. टोरांटो ते व्हँकुव्हर सुमारे ४,४६६ किलोमीटर, वेळापत्रकाप्रमाणे चार रात्री. रूळ मालगाडीवाल्या कंपनीचे, त्यामुळे लांबलचक मालगाडी आली की ही बाजूला उभी. पुढचं विमान त्याच दिवशीचं काढू नका.