मज्जातंतू म्हणजे विजेची तार नव्हे

‘मज्जातंतू म्हणजे शरीरातील विजेच्या तारा, मेंदू वीज तयार करतो, ती प्रकाशाच्या वेगाने अवयवांपर्यंत पोहोचते आणि आघात जितका जोराचा तितकी वीज मोठी,’ अशा आशयाचा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. यातला ‘वीज’ हा शब्द तेवढा खरा आहे.

आधी तारेचे पाहू. तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन तारेच्या लांबीने सरकतात. चेतापेशीत मात्र मुख्य घडामोड आडवी, म्हणजे अक्षतंतूच्या (चेतापेशीच्या लांब धाग्याच्या; मज्जातंतू हा अशा धाग्यांचा जुडगा) पातळ पटलातून आतबाहेर होणाऱ्या आयनांची, म्हणजे विद्युतभारित कणांची असते. विश्रांत अवस्थेत पेशीचा आतला भाग बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. हे अंतर घटून ५५ मिलिव्होल्टच्या आसपास आले, की पटलातील सोडियमच्या वाहिन्या, म्हणजे त्याला वाट देणारी सूक्ष्म दारे, भराभर उघडतात, सोडियमचे आयन आत शिरतात आणि आतला भाग क्षणभर धन होतो. पाठोपाठ त्या वाहिन्या मिटतात, पोटॅशियम बाहेर पडते आणि पटल पूर्वस्थितीला येते. हे सारे एक-दोन मिलिसेकंदांत उरकते. या उलथापालथीने शेजारच्या पटलातील वाहिन्या उघडतात, त्यांच्यामुळे पुढच्या, आणि असा संकेत वाटेत जागोजागी नव्याने जन्मत पुढे जातो. म्हणून तो शेवटपर्यंत क्षीण होत नाही. हॉजकिन आणि हक्सली या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड अक्षतंतूवर ही यंत्रणा मोजून, समीकरणांत मांडून दाखवली. १९६१ मध्ये तर अशा अक्षतंतूतील द्रव्य पिळून काढून त्या जागी पोटॅशियमच्या क्षाराचे द्रावण भरण्यात आले, तरीही संकेत जातच राहिले. तारेतले तांबे काढून घेतल्यावर तिच्यात काय उरेल?

वीज मेंदूत तयार होते, हे विधान फार वेळ घेण्याजोगे नाही. बेडकाच्या पायाचा मज्जातंतू स्नायूसह कापून वेगळा काढला, तरी त्याला टोचताच स्नायू आखडतो. तेथे मेंदू नसतोच.

वेगाचा दावा सर्वांत सहज खोडता येतो. हा वेग कधी मोजता येणार नाही, असे जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांचे मत होते. त्यांचेच शिष्य हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूत तो मोजला आणि तो सेकंदाला सुमारे ३० मीटर निघाला. माणसाच्या मायलिनचे (चरबीयुक्त पदार्थाचे) आवरण असलेल्या जाड तंतूंत तो १०० मीटरच्या पुढे जातो, तर आवरण नसलेल्या बारीक तंतूंत जेमतेम एक मीटर असतो. पायाचे बोट ठेचकाळले की आधी एक तीक्ष्ण कळ येते आणि क्षणभराने ठणका सुरू होतो, तो याच फरकामुळे. प्रकाशाच्या वेगाने संकेत धावले असते, तर हे मधले अंतर जाणवलेच नसते.

राहिला आघाताचा जोर. एका तंतूतील संकेताची उंची आघातावर अवलंबून नसते: उंबरठा (वर सांगितलेली ५५ मिलिव्होल्टच्या आसपासची पातळी) ओलांडला तर पूर्ण संकेत, नाहीतर काहीच नाही. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ एड्रियन यांनी १९२० च्या दशकात स्नायूकडून येणाऱ्या एकेका संवेदी तंतूतील संकेत नोंदवले, तेव्हा स्नायूवरचा ताण वाढवल्यावर संकेतांचा आकार तोच राहिला, मात्र ते अधिक लवकर-लवकर उमटू लागले. जोराचा दाब आणि हलका स्पर्श यांतील भेद मेंदूला कळतो तो दर सेकंदाला किती संकेत आले आणि किती तंतूंतून आले, यावरून.