वाईट बातमी आधी सांगा

भाच्याच्या कंपनीत नुकतंच संवादकौशल्याचं ट्रेनिंग झालं. त्यातली स्लाइड त्याने मला पाठवली: संवादात शब्दांचा वाटा 7 टक्के, आवाजाचा 38, देहबोलीचा 55. तेव्हापासून नातेवाइकांत वाद पेटलाय, आपली मुलं मागे पडतात ती इंग्रजी कच्चं म्हणून की अंगात धीटपणा नाही म्हणून. दोन्ही बाजू ऐकून माझं डोकं उठलं.

ते आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967च्या प्रयोगांतले. सुटे शब्द ऐकून बोलणाऱ्याच्या मनातली आवड-नावड कशावरून ओळखली जाते, एवढंच त्यांत तपासलं होतं. हे गणित भावनांपुरतंच आहे, असं खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलंय. माल पंधरा दिवस उशिरा येणार, ही बातमी देहबोलीतून जात नाही. ती शब्दांतच सांगावी लागते, आणि वेळेत.

इथे नेदरलँड्समध्ये, युट्रेख्टला, माझ्या टीममधल्या निम्म्या लोकांचं इंग्रजी ओबडधोबड आहे. पण मेलची पहिलीच ओळ असते: 'शुक्रवारी डिलिव्हरी होणार नाही, मंगळवारी होईल. तुमचा निर्णय उद्या दुपारपर्यंत हवा.' कारणं त्याखाली. आपल्याकडच्या मेलमध्ये तोच उशीर चौथ्या परिच्छेदात सापडतो, तोही 'थोड्या अडचणी' म्हणून. मीटिंग उठायच्या आधी इथे काम, नाव आणि तारीख वाचली जाते, आणि ज्याचं नाव येतं तो काम आपल्या शब्दांत परत सांगतो.

डच माणूस जात्याच स्पष्टवक्ता म्हणून हे घडतं, असं मात्र कुणी मला सांगू नये. 27 मार्च 1977ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर, धुक्यात, केएलएम या डच कंपनीचं विमान परवानगी नसताना उड्डाणासाठी धावलं आणि अमेरिकेच्या पॅन अ‍ॅमच्या विमानावर आदळलं. 583 माणसं गेली. पुढचं विमान धावपट्टीवरून हटलं नसेल, ही शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कॅप्टन ज्येष्ठ, नावाजलेले. त्यांनी ती झटकली आणि पुढे कुणी अडवलं नाही. त्यानंतर सूचना परत म्हणून दाखवायची शिस्त कडक झाली; कनिष्ठाने हटकायचं आणि वरिष्ठाने ऐकायचं, हे वैमानिकांना रीतसर शिकवलं जाऊ लागलं.

आपली मुलं का बोलत नाहीत, हे भाच्याने एका वाक्यात सांगितलं: 'मामा, उशीर होणार म्हटलं की साहेब विचारतात, मग इतके दिवस काय करत होतास?' त्यावर इंग्रजीच्या क्लासचा काय उपयोग? ट्रेनिंगला साहेबांना बसवा.

हे ठासून लिहिताना एक गोष्ट सलते. भारतातल्या टीमला माझं सरळ बोलणं लागतं. 'सर, तुम्ही आता तिकडचेच झालात,' असं एकाने ऐकवलंसुद्धा. आणि इथल्या रिव्ह्यूत दरवर्षी लिहून येतं, 'अजून मोकळं बोल', कारण डायरेक्टरचं म्हणणं तोंडावर खोडताना माझी जीभ आजही अडखळते. दोन्हीकडे मी थोडा परकाच.

परवा कॉलवर भारतातल्या टीममधली एक नवी मुलगी मला मध्येच थांबवून म्हणाली, 'सर, ही तारीख जमणार नाही.' सगळे चिडीचूप. मी तारीख बदलली, आणि यावरून तिला कुणी एक शब्दही बोलायचा नाही, असं तिच्या मॅनेजरला लगेच फोन करून बजावलं.