‘ख्रिस्त’ म्हणजे कृष्ण? शब्दाचा इतिहास तसं सांगत नाही

नाताळ जवळ आला की एक संदेश फिरू लागतो: ‘क्राइस्ट हा कृष्णाचाच ग्रीक अपभ्रंश. येशूचं नावच ते. ग्रीकांनी कृष्णभक्ती भारतातून नेली, त्याचा हा पुरावा.’

अपभ्रंशाचं आधी पाहू. ‘ख्रिओ’ म्हणजे तेल माखणं, त्यावरून ‘ख्रिस्तोस’. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातल्या एका ग्रीक नाटकात हा शब्द अंगाला लावायच्या औषधासाठी आलाय. तेव्हा अलेक्झांडर जन्मलाही नव्हता. कोणी म्हणेल, बंगालीत कृष्णाचा ‘केष्टो’ होतोच की! होतो, पण बंगालीत. ग्रीक शब्दाला घरचाच धातू असताना तो उसना कशाला म्हणायचा?

आता ‘येशूचं नाव’. नाव येशू, ख्रिस्त ही पदवी, जशी सिद्धार्थ गौतमाची ‘बुद्ध’. ज्यूंमध्ये राजाला तेलाने अभिषेक करत, म्हणून तो ‘मशिआख’, अभिषिक्त. येशूच्या आधीच ज्यू धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आले, तेव्हा या शब्दासाठी ‘ख्रिस्तोस’ वापरला गेला. तिथे शौल राजा ख्रिस्तोस आहे, दावीद आहे आणि यशयाच्या ४५व्या अध्यायात चक्क इराणचा राजा कोरेशही आहे. संदेशाचा तर्क मानला तर हे सगळेच कृष्ण ठरतील. बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमानही (१:४१) ‘मशीहा, म्हणजे ख्रिस्त’ असा अर्थ उलगडून देतं. नुसतं नाव असतं तर ही गरज पडली नसती. ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक पौल, त्याच्या पत्रांत ‘येशू ख्रिस्त’ आणि ‘ख्रिस्त येशू’ अशी दोन्ही रूपं सापडतात. पदवी नावात मुरत चालली होती, ती अशी. ग्रीक वाचकाला ‘तेल लावलेला’ हा अर्थ तसाही विचित्रच वाटत असणार.

ग्रीकांना कृष्ण ठाऊक होता, एवढं मात्र खरं. विदिशेजवळ बेसनगरला हेलिओडोरस या ग्रीक राजदूताने ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात उभारलेला गरुडध्वज आजही आहे. पण त्यावर नाव कोरलंय ‘वासुदेव’. त्याच्याही आधी मेगॅस्थेनीस या ग्रीक राजदूताने मथुरेकडच्या शूरसेन लोकांच्या देवाविषयी लिहिलं. तो देव कृष्णच, असं बरेच अभ्यासक मानतात. मेगॅस्थेनीसने त्याला ग्रीकांकडचं नाव दिलं खरं, पण ते ‘हेराक्लीस’.